पाण्यातला बैल

यवतमाळ जिल्ह्यात कोणी हौसेनं हिंडायला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मीही हौसेनं गेलो नव्हतो. मी मासळीच्या सरकारी खात्यातला माणूस, जन्म रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. पाठवलं तिकडे गेलो. दोनदा गेलो. पहिली खेप फुशारकीची, तिला चार ओळी पुरेत. दुसरीबद्दल आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

पहिली खेप संयुक्त महाराष्ट्र झाला त्या सालची. दिग्रसपासून अडीच कोसांवर एक बंजारा तांडा आहे. तिथल्या तलावात मी कलकत्त्याहून आलेलं रोहू-कटल्याचं बीज सोडलं. बोटाएवढी पिल्लं, पत्र्याच्या डब्यांतून आगगाडीनं आलेली, निम्मी वाटेतच मेलेली. तलाव जुना, तांड्याच्या पणजोबांनी खणलेला. हे लोक एके काळी शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. मुक्कामाला बैलांसाठी पाणी नसलं तर स्वतः खणायचे. आता फिरणं संपलं, कापूस-ज्वारी करतात. पण बैलाची गोष्ट निघाली की म्हातारी माणसंसुद्धा सरसावून बसतात.

हे मला कळलं होतं, म्हणून तर मी शहाणपणा केला. लिंबाखाली सगळा तांडा जमवून भाषण ठोकलं आणि म्हणालो, "मासा म्हणजे पाण्यातला बैल! जसं खाऊ घालाल तसं देईल." काय टाळ्या पडल्या महाराजा! तलावात शेण टाका, वरून मूठभर कोंडा नि भुईमुगाची ढेप, म्हणजे पेंड, द्या, हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही घाईघाईत, कारण माझी एस.टी. चुकत होती. ते वाक्य मात्र मला इतकं आवडलं की अहवालात घातलं. साहेबांनाही आवडलं. त्यांनी त्याच्याखाली लाल पेन्सिलीची रेघ ओढली.

दीड वर्षानं पौषात तांड्यातल्या शाळेच्या मास्तरांचं पत्र आलं. 'मासे मरत आहेत. थावरू नाईकांवर नसाब बसणार आहे. नाईक म्हणतात, साहेबांना बोलवा. पुढच्या बाजाराच्या आत यावे.' नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तांड्याचा शब्द नाईकाचा असतो. लग्न असो, भांडण असो, नाईक म्हणेल ते. थावरूच्या घरात तीन पिढ्यांचं नाईकपण होतं आणि मासे पोसायचं त्यानं, टाळ्या विरताच मागे सरलेल्या तांड्याच्या मनाविरुद्ध, स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मासे गेले तर पागोटंही जाणार, असा मामला.

पत्र वाचून मला दया आली म्हणाल तर नाही. माझं डोकं फिरलं. सांगावं एक, हे करणार दुसरं, आणि निस्तरायला आम्ही! चडफडतच पिशवी भरली.

दिग्रस

दिग्रसला उतरलो ते शिंकतच. कापसाचा हंगाम होता. बाजारात गाड्यांना गाड्या लागलेल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांचा घरघराट, आणि हवेत सगळीकडे रुईचे तंतू. ते चहात पडतात, मिशीत अडकतात, जिभेवर येतात. आमच्याकडे जशी सुकटीच्या दिवसांत वाऱ्यालाही मासळीचा वास, तसं इकडे सगळ्याला कापसाचं अस्तर. जिनाच्या भिंतीबाहेर सरकीचे काळपट ढीग पडले होते, माणसापेक्षा उंच.

मला न्यायला तुळशीराम भोई बैलगाडी घेऊन आला होता. शेजारच्या गावचा जाळेवाला. माणूस तोंडानं फटकळ, पण हाताला यश असलेला. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच मी सुरू झालो, की बाबा, झालंय काय?

"बिमार नाई साहेब, जाडे झाले मासे," तो म्हणाला. "पंजात घेतला तं मावत नाई. अन् तसेच मरून राह्यले."

"जाडे होऊन कोणी मरतं का?"

"मले काय माहीत! आमच्या बापजाद्यानं माशाले कधी खाऊ घातलं नाई. खाऊ घालाले थो का जावई हाये?" मग बैलाची शेपटी पिळत हळूच म्हणाला, "नाईकाले जास्त बोलू नका साहेब. लय घसरला मानूस."

मी ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

दोन्ही बाजूंना वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, काळ्या मातीला भेगा, मधूनच तुरीचा पिवळा पट्टा. मला समुद्राची सवय. इतकी कोरडी, अंगावर येणारी जमीन पाहिली की घसाच सुकतो. वाटेत एक विहीर लागली तिथं पाणी प्यायलो. ते मचूळ होतं, तरी दोन लोटे प्यायलो.

तलावाच्या पाळीवर

तलाव दिसायच्या आधी वास आला. कुजल्या मासळीचा वास मला परका नाही, मी त्यातच वाढलो. पण हा वेगळा होता, जुन्या तेलाच्या बरणीत नाक घातल्यासारखा. पाळीवर चढलो तर खाली पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. इथं दोन, तिथं चार. घारी उतरत होत्या, चोच मारत होत्या आणि सोडून देत होत्या. घारही नको म्हणते तेव्हा समजावं.

थावरू नाईक समोर आला. साठीचा, उंच, तांबडं पागोटं, कानात चांदीची बाळी. मागच्या खेपेला ह्याच माणसानं माझा हात धरून तांडाभर मिरवलं होतं. आता गालाची हाडं वर आली होती. "आवो साहेब, बेसो," म्हणाला आणि घोंगडी पसरली. त्याच्या मागं तांडा उभा होता, पुढे लालसिंग कारभारी. नाईकानंतर तांड्यात मान याचा. तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता.

मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं, "काय घातलंत माशांना?"

"हिऱ्याले जे घालत होतो थेच," नाईक म्हणाला. हिऱ्या म्हणजे त्याचा बैल. "सरकी. रातभर भिजू घालाची, पाट्यावर वाटाची, अंदर चिमूटभर मीठ. थंडी पडली की जवसाचं तेल. बैल तेलानं चमकते साहेब."

आणि मी तोंड सोडलं. अहो, अक्कल गहाण टाकली होतीत काय, म्हणालो. मी सांगितलं काय, तुम्ही केलं काय? बैल कुठं, मासा कुठं? सरकार तुमच्यासाठी कलकत्त्याहून बीज आणतं आणि तुम्ही ते मारता? सगळा तांडा ऐकत होता. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. नाईकानं पागोट्याचं टोक तेवढं दोनदा सारखं केलं. लालसिंग कारभाऱ्यानं शेजारच्याकडे बघून मान हलवली. ती मान मला तेव्हा कळली नाही.

तुळशीरामानं जाळं फेकलं. एक जिवंत कटला काढला, चांगला हातभर. खरं सांगतो, असा देखणा मासा पाहून आधी मला आनंदच झाला. मग चाकू लावला. पोटात आतड्याभोवती पांढरी चरबी थापलेली होती, थिजल्या तुपासारखी. ती बाजूला केली तेव्हा काळीज, म्हणजे यकृत, दिसलं. माशाचं काळीज पिकल्या जांभळाच्या रंगाचं असावं. हे हळदीत बुडवल्यासारखं पिवळं होतं आणि बोट लावताच भुगा झालं.

हे काय प्रकरण आहे ते सांगतो. बैलाच्या अंगात चूल पेटलेली असते. थंडी पडली की त्याला जास्त खायला लागतं, तेल-सरकी तो अंगच्या उबेसाठी जाळतो. माशाला ती चूल नाही. पाणी गार झालं की मासाही गार, त्याची भूक मंद, पचन मंद. तेव्हा घातलेलं तेल जळत नाही, साठतं. आधी पोटात, मग काळजात. त्यात सरकीत एक विखार असतो. बैल चार पोटांचं जनावर, रवंथ करून तो विखार मोडून टाकतो. रोहू-कटल्याला चार सोडा, एकसुद्धा धड जठर नाही. तोंडापासून शेपटीपर्यंत नुसतं लांब आतडं. जे घालाल ते थेट अंगात. बरं, वर्षभर मासा वाढतो, फुगतो, बघणारा खूश. मग एक कडक थंडी येते आणि पिवळं काळीज हात टेकतं.

हे सगळं पुस्तकांत होतं. ती पुस्तकं माझ्या कचेरीतल्या कपाटात होती.

नाईकाच्या घरी

इतकं बोलल्यावरही नाईकानं जेवायला घरीच नेलं. त्याची बायको जमनी, तिला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, केसांत चांदीचे झुबके. तिनं ज्वारीची भाकर, लसणाचं तिखट आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची तर्रीबाज आमटी वाढली. मी मुद्दाम त्या कटल्याचा एक तुकडा तव्यावर टाकायला सांगितला. आमच्याकडे ताज्या माशाला तिरफळ नि आमसूल लागलं की पाहुणा दोन भाकऱ्या जास्त खातो. या तुकड्याला ना गोडी, ना चव. तोंडात नुसतं खवट तेल सुटलं. मी तो भाकरीखाली दडवला. याडीनं ते पाहिलं.

"माशायले पाह्यलं साहेब. आता दावण पाहा," ती म्हणाली.

अंगणात दोन खुंटे होते. एका खुंट्याला मागाहून आणलेला बैल, दुसऱ्याला नुसता दोर, नीट गुंडाळून ठेवलेला.

"सरकी दोन पोते, अन् तोंडं दोन, हिऱ्या अन् मासे," ती सांगू लागली. "मागल्या साली कापूस कमी होता. म्या म्हनलं, हिऱ्या पाह्यते ना आपल्याकडं, त्याच्या टोपल्यात टाका काही. तं हे म्हने, थो घरचा हाये, कळ काढन. साहेबाले जबान देल्ली." तिनं गुंडाळलेल्या दोराकडे पाहिलं. "पोळ्याच्या दिवशी झूल टाकली त्याच्यावर. झुलीतून फासोळ्या दिसे. साऱ्या तांड्यानं पाह्यलं. कार्तिकात वखर वाहता वाहता बसला, मंग उठलाच नाई."

हिऱ्या साधा बैल नव्हता. तांडा फिरता होता तेव्हा सगळ्यांच्या पुढे चालणारा जो बैल असे, त्याच्या वंशातला हा शेवटचा. नाईकाच्या दावणीला तो असायचा, पण होता साऱ्या तांड्याचा.

मला काही बोलायला हवं होतं. मी बोललो तेही शहाणपणाचंच. "पण नाईक, सरकी घालायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

नाईकानं बायकोकडे पाहिलं. ती आत गेली आणि लोखंडी पेटीतून फडक्याची एक पुरचुंडी घेऊन आली. आत पोस्टकार्ड होतं. माझं. माझंच अक्षर, माझीच सही, खाली ती लांब शेपटी, जी काढायला मला फार आवडायची. मग आठवलं. आदल्या फाल्गुनात मास्तरांनी लिहिलं होतं, की नाईक माशांना बैलाची सरकी घालतात, मासे फार वाढले, हे चालेल काय? मी तेव्हा दौऱ्यावर होतो. पुस्तक उघडलं नाही, कोणाला विचारलं नाही. उभ्या-उभ्या लिहून टाकलं: 'मासे वाढत असल्यास सरकी चालू ठेवावी. नाईकांचे अभिनंदन.'

हातातली भाकर मी ताटात ठेवली. "मघाशी पाळीवर का नाही दाखवलंत हे?"

"तुमी साऱ्याइसमोर बोलून राह्यलते साहेब," थावरू नाईक म्हणाला. "पाव्हन्याले साऱ्याइसमोर खोटं पाडाव का?"

आता लपवत नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की कार्ड खिशात घालावं. नाईकाला वाचता येत नव्हतं. मास्तर सरकारी नोकर, गप्प बसला असता. माझी बढती तोंडावर होती. कार्ड मी बराच वेळ हातात धरून बसलो. याडी तेवढा वेळ माझ्या हाताकडेच बघत होती. मग मला माझीच इतकी लाज वाटली की मी म्हणालो, "नाईक, उद्या नसाबात हे मी वाचतो."

नसाब

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लिंबाखाली नसाब बसली, जिथं मी टाळ्या घेतल्या होत्या. बाप्ये गोल करून जमिनीवर बसले. नाईकानं पागोटं उतरवून समोर मातीवर ठेवलं. निवाडा होईतो ते डोक्यावर घालायचं नाही, अशी रीत. पागोट्याविना तो फारच म्हातारा दिसत होता.

कारभाऱ्यानं सुरुवात केली ती माझ्याच शब्दांनी. काल पाळीवर साहेब स्वतः बोलले, नाईकानं मनचं केलं म्हणून. माझी कालची बडबड त्यांनी साक्ष म्हणून धरली होती! मी ताडकन उठलो. कार्ड वाचलं. एकदा मराठीत वाचलं, मग मास्तरांनी त्यांच्या बोलीत सांगितलं. मी म्हणालो, "चूक माझी आहे. नाईकानं विचारलं, मी न बघता हो म्हणालो. मासे मी मारले. दंड करायचा तर मला करा."

वाटलं, आता लोक अंगावर येतील. आले असते तर बरं झालं असतं.

"खरं बोलले साहेब, बरं केलं," लालसिंग कारभारी म्हणाला. रागानं नव्हे, अगदी समजुतीनं. "तुमची चूक तुमच्या सरकारपाशी. मासे मेले, मरू द्या. मासे काल आले. आमचं इचारनं अलग हाये. त्या कागदात हिऱ्याचं नाव हाये का?"

मी वेड्यासारखं कार्डाकडे पाहिलं, जणू कुठं कोपऱ्यात असेल. "नाही."

"बैलाच्या तोंडची काढून माशाले घाला, असं लिवलं का?"

"नाही."

कारभारी नाईकाकडे वळला. "हिऱ्याची सरकी कोनं काढली?"

"म्या," थावरू म्हणाला.

झालं. एवढीच पंचायत. बैलाला उपाशी ठेवणाऱ्याच्या मागं तांडा चालत नाही, हे त्यांच्यात न लिहिलेलं कलम आहे आणि ते मोडून काढणारा त्या गोलात कोणी नव्हता. मी हात जोडले, वाद घातला, आवाज चढवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्यानं मला पाणी आणून दिलं. मग कारभाऱ्यानं मातीवरचं पागोटं दोन्ही हातांनी उचललं, झटकलं, आणि स्वतःच्या मांडीवर ठेवलं. घराच्या दारात उभी असलेली याडी आत गेली.

दुपारी तुळशीरामाची गाडी जुंपली. थावरू उघड्या डोक्यानं गाडीपर्यंत पोचवायला आला. तांड्याची माणसं त्याला वाट देत होती, पण कोणी राम राम केला नाही. मी त्याचे हात धरले. "माझ्या कागदानं घात केला हो तुमचा," एवढंच म्हणालो.

"कागद तुमचा होता साहेब," तो म्हणाला. "बैल माहा होता."

मग त्यानं विचारलं, खरोखरीच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "मंग काय द्याले पाह्यजे होतं माशाले?"

"फार काही नाही. शेण टाकायचं तलावात. त्यानं पाण्यावर हिरवी साय धरते, मासा तीच खातो. वरून मूठभर कोंडा."

"कायचं शेन?"

"कसलंही. बैलाचं."

"हिऱ्याचं चाललं असतं?"

"चाललं असतं," मी म्हणालो.

म्हणजे सरकी हिऱ्यानंच खाल्ली असती आणि त्याचं शेण तलावात पडलं असतं, तर बैलही जगला असता नि मासेही. थावरूनं तलावाकडे पाहिलं, मग रिकाम्या खुंट्याकडे, आणि तुळशीरामाला म्हणाला, "हाक बापा. साहेबाची गाडी जाईन."

कळंब

परतताना यवतमाळवरून वर्ध्याची एस.टी. धरली. कळंबला गाडी थांबली तेव्हा कंडक्टर म्हणाला, अर्धा तास आहे, चिंतामणीचं दर्शन घेऊन या. मी गेलो नाही. गणपतीपुढे उभं राहून म्हणणार काय? स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो.

समोरच्या भिंतीवर एक नवाकोरा छापील कागद चिकटवला होता. वर माशाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत: 'मासा म्हणजे पाण्यातला बैल. जसे खाऊ घालाल तसे देईल.' तळाला माझ्या वरच्या साहेबांचं नाव. शेणाचा, कोंड्याचा कुठं उल्लेख नाही. तेवढी जागाच उरली नव्हती. चहा गार होईपर्यंत मी ते वाचत राहिलो. किती छापले असतील? कुठल्या कुठल्या तालुक्यात गेले असतील?

शेजारी एक कुणबी शेतकरी बसला होता. डोक्याला मुंडासं, कपड्यांना रुई चिकटलेली, कापूस विकून आलेला असावा. माझी नजर पाहून तो खुलला.

"काय मस्त लिवलं नाई साहेब? एकदम पटते. आमच्या गावच्या तलावात बी सोडले औंदा." त्यानं पायाजवळच्या पोत्यावर थाप मारली. "म्हनलं, बैलासारखंच खाऊ घालू. सरकी तं घरचीच हाये आपल्यापाशी."

"नका घालू," मी म्हणालो.

"काहून?"

बाहेर कंडक्टरनं घंटी मारली. वर्ध्याची माणसं चढायला लागली. माझी पिशवी गाडीत होती. ती उतरवून आणली आणि त्याच्यासमोर बाकावर बसलो.

"बसा जरा," म्हणालो. "दिग्रसकडे हिऱ्या नावाचा एक बैल होता."